पळसाची बायजाबाई

माया गजभियेचा एक नेम होता. नदीकाठी, माळावर, शेताच्या धुऱ्यावर जे काही उभं करायचं ते त्याच जागी सापडलेल्या वस्तूंचं करायचं, आणि काम झालं म्हणून एकदा हात काढला की परत लावायचा नाही. मग ते वाऱ्यानं पाडो, बकऱ्यांनी खावो, नाहीतर वाळवीनं पोखरो. कन्हानच्या वाळूत तिनं गोट्यांची मगर केली होती, ती पुरात गेली. उमरेडच्या रस्त्याला कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांचं माणूसभर उंचीचं घरटं केलं होतं, ते शेतमालकानं आंघोळीचं पाणी तापवायला नेलं. दुसऱ्या दिवशी माया तिथं गेली, चुलीतली राख पाहिली, "पाणी चांगलं तापलं ना?" असं विचारलं आणि गाडीला किक मारून परत आली. वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून झाल्यावर तिनं हे काम धरलं होतं. मुलांनी रंगवलेले कागद वर्षाच्या शेवटी रद्दीत जातात हे वीस वेळा पाहिलेल्या माणसाला राखेचं फारसं काही वाटत नाही.

तिच्या आईनं, बायजाबाईनं, यातलं एकही काम पाहिलं नव्हतं. सुरुवातीला बायजाबाईला वेळ नसायचा, मग गुडघे धरले, मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. कोणी फोनमध्ये फोटो दाखवला तर ती तो नाकाशी धरायची आणि म्हणायची, "हे काय, गवताचा भारा?" नागपूरच्या नंदनवनमधल्या शेजारणींनी लेक काय करते म्हणून विचारलं, की ती सांगायची, "जंगलात जाते. काय करते ते तिलेच माहीत."

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं तेव्हा बायजाबाई लेकीला म्हणाली, "आता दाखव वं एक तरी. मराच्या आधी पाहू तर दे, मायी पोरगी काय करत फिरते ते."

बोलली सहज, पण मायाच्या मनात ते राहिलं. तिनं ठरवलं की आईला दाखवायचं ते आईचंच दाखवायचं.

बायजाबाई मूळची भिवापूरकडची. तिथं आणि नंतर नागपुरात तिनं तीस वर्षं मिरचीचे देठ खुडले. मिरचीचा ढीग मांडीपुढे घेऊन बायका ओळीनं बसतात, एकेक मिरची उचलतात, देठ मोडतात, मिरची एकीकडे आणि देठ दुसरीकडे. मायाला आई आठवायची ती अशीच, पुढे वाकून बसलेली. तीच बसलेली बाई करायची, दीड पुरुष उंच, पळसाच्या डहाळ्यांची.

जागा मिळाली पारशिवनीच्या अलीकडच्या एका गावात, नानाजी नावाच्या शेतकऱ्याच्या पडितात. मुरमाड तुकडा, अगदी गावाच्या शिवेवर, आणि त्यात पळस माजलेला.

"न्या ना बाई, पळस कोनाले पाहिजे?" नानाजी म्हणाले होते. "मी दर साली तोडतो, तो दर साली येते. पन पोळ्यापर्यंत होईन ना तुमचं?"

"होईल."

"मंग झालं."

पोळ्यानंतर त्यांना जागा साफ करायची असेल, असं मायाला वाटलं. पोळा शुक्रवारी होता. आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात मंगळवारी, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढचे आठ दिवस धूळ नको, धूर नको, प्रवास नको. म्हणजे पुढच्या बुधवारी आईला आणता येणार होतं. तिनं नानाजींना विचारलं, "पोळ्यानंतर चार-पाच दिवस राहिलं तर चालेल का?" नानाजींचं लक्ष वखराच्या लोखंडी पासेकडे होतं. ते म्हणाले, "राहिलेल्याचं पाहू." मायानं त्याचा अर्थ होकार असा घेतला. आपलं एखादं काम अमुक दिवसापर्यंत उभं राहावं असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं, म्हणून कदाचित तिनं फार खोदून विचारलं नाही.

काम बारा दिवस चाललं. मायाची पद्धत अशी होती की ती काही बांधत नसे, दोरी नाही, तार नाही, खिळा नाही. झाडाची फांदी जिथं दुभागते त्याला बेचकं म्हणतात. ती प्रत्येक डहाळी बेचक्याच्या दोन बोटं खाली, विळ्याच्या एका घावात तोडायची. त्यामुळे डहाळीच्या बुडाला आकडा तयार व्हायचा. एक आकडा दुसऱ्यात अडकवायचा, दुसरा तिसऱ्यात. सुकत जाताना लाकूड आवळतं आणि पकड घट्ट होते. पळसाचं पान मोठं, वरून गुळगुळीत, खालून मखमलीसारखं. तोडल्यावर आधी ते मलूल होतं, मग कडेनं वळतं, आणि दहा दिवसांत तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग धरतं. म्हणून तिनं पाठ सगळ्यात आधी केली आणि हात व मांडी सगळ्यात शेवटी ठेवली. पाठ तांबूस आणि मांडी हिरवी, असं तिला हवं होतं.

येणारे-जाणारे थांबत.

"बाई, कुठवर आलं?"

"खांद्यापर्यंत."

"पोळ्याले होते ना?"

"होईल हो."

"मस्त होऊन राहिली. यंदा मोठी आहे."

'यंदा' का म्हणाला असेल, हे मायाला कळलं नाही. गेल्या वर्षी ती इथं नव्हती. पण तेव्हा ती मानेच्या वळणाशी झटत होती, तिनं ते सोडून दिलं. शाळा सुटल्यावर पोरं यायची. "म्याडम, इले रंग नाई मारत काय?" असं एकीनं विचारलं. मायानं तिच्या हातात एक ताजं पान दिलं, एक आठ दिवसांचं दिलं, आणि डोळे मिटून कुठलं कोणतं ते ओळखायला सांगितलं. मग अर्धा तास सगळी पोरं डोळे मिटून पानं चाचपत बसली. रंगाचा विषय निघाला नाही.

नानाजींची सून गोपिका दुपारी चहा घेऊन यायची. तिच्या कडेवर वर्षभराचा हर्षित असायचा, आणि तो पंधरा दिवसांपासून खोकत होता. गोपिका म्हणायची, "औषध चालू आहे, म्याडम. दोन दिवस बरा राहते, मंग पुन्हा सुरू."

पोळ्याच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास मायानं मांडीतली शेवटची डहाळी अडकवली. दोन्ही हात मांडीवर आले होते. ती बाईभोवती दोन फेऱ्या मारून आली, विळा पुसून पिशवीत टाकला आणि कालव्यावर जाऊन हात धुतले. काम संपलं होतं.

गोपिकानं तिला त्या रात्रीपुरतं ठेवूनच घेतलं. पुरणपोळ्या झाल्या होत्या. चारच्या सुमारास शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल तोरणाखाली उभे राहिले, झडत्या, ती पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, बैल घरोघर ओवाळून घेत फिरले. मायाला हे लहानपणापासून लांबून माहीत होतं. तिच्या घरात पोळा नव्हता. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे जुने सण एका दिवसात बंद झाले, आणि बायजाबाई तेव्हा दहा वर्षांची होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक निघते, तो प्रचंड पिवळा पुतळा, ते बडग्यांचे पुतळे, ती गर्दी, हे मायानं वर्तमानपत्रात दर वर्षी पाहिलं होतं. खेड्यात पोळ्याच्याच रात्री काय होतं, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं.

उन्हं उतरल्यावर तिला दिसलं की एकेका घरातून बाया-माणसं पळसाची एकेक फांदी घेऊन निघाली आहेत. आधी ती घराच्या चारी कोपऱ्यांना लावायची, गोठ्याला लावायची, म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून फिरवायची, आणि मग शिवेकडे चालू लागायचं. माया त्यांच्या मागं गेली. पाहते तर लोक तिच्या बाईच्या खांद्यावर, केसांत, गुडघ्यांशी आपापली फांदी खोचत होते.

ती थोडी लांब उभी राहिली. हात काढल्यावर काम तिचं राहत नाही, हे तिनंच ठरवलेलं होतं. इतर ठिकाणी बकऱ्या आल्या, इथं माणसं आली. शिवाय त्यांना ती आवडली आहे हे उघड दिसत होतं.

"बाई, खतरनाक केली तुम्ही!" सिंधूताई म्हणाली. ती गावातली जिभेची तिखट म्हणून ओळखली जाणारी बाई होती, कौतुक करतानाही ती भांडल्यासारखंच बोलायची. "मांगच्या साली पोरांनी केली होती, तिले मुंडकंच नव्हतं. त्याच्याच्यानं तर डेंगू झाला अर्ध्या गावाले."

मग गोपिका पुढे आली. तिच्या हातात फांदी नव्हती. तिनं हर्षितला पळसाच्या बाईच्या मांडीत, त्या हिरव्या पानांत बसवलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं आणि झटकन उचलून घेतलं. मागं न पाहता ती घराकडे गेली.

मायाला हे फार आवडलं. आईच्या मांडीवर एक लेकरू बसलं होतं. तिनं तिथूनच नंदनवनला फोन लावला. रवींद्र, तिचा धाकटा भाऊ, आईजवळ होता. त्यानं फोन आईच्या कानाला लावला.

"आई, झालं पूर्ण. आणि ऐक, गावातल्या लोकांनी काय केलं माहीत आहे?" मायानं सगळं सांगितलं. फांद्या, कोपरे, गोठे, लेकरू.

मग बायजाबाईनं विचारलं, "कायची केली म्हणली तू?"

"पळसाची."

"बाई केली? पळसाची? शिवेवर? पोळ्याच्या दिवशी?"

"हो. का?"

बायजाबाई हसायला लागली. ती इतकी हसली की रवींद्रचा आवाज आला, "आई, डोळ्यावर ताण येईल, हळू!" पण ती थांबेना. "अवं बाई, तू मले मारबत केलं! माया, अवं, ते मेढे आहेत! घरातली रोगराई त्या फांदीवर घेतात आन् शिवेवर नेऊन ठेवतात. आमच्या गावी मी लहानपणी सोता नेले. सकाळी जाळतीन ते. मले जाळतीन!"

पोळ्याले होते ना, यंदा मोठी आहे, राहिलेल्याचं पाहू, हे सगळं एकेक करून मायाच्या डोक्यात आपापल्या जागी जाऊन बसलं.

बायजाबाईचं हसू ओसरलं. मग ती साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मी पाहत नाई म्हन."

"पाहशील. बुधवारी पाहशील."

"राख पाह्याले काहून येऊ?" बायजाबाई म्हणाली, आणि रवींद्रला फोन घ्यायला सांगितलं.

रवींद्र म्हणाला, "ताई, तिला आता आणता येणार नाही. पट्टी कालच काढली आहे आणि तिथं धूर करतील ते."

"मी आणायला सांगितलंच नाही," माया म्हणाली.

ती नानाजींच्या घरी आली तेव्हा ओट्यावर आठ-दहा माणसं बसली होती. बैल बाजूलाच गव्हाणीशी ढेप खात होते. माया उभ्यानंच बोलली. ती मारबत नाही, तिला हे माहीतच नव्हतं, आणि तिला ती बाई बुधवारपर्यंत हवी आहे.

नानाजींनी आधी ते थट्टेवर नेलं. "काय म्हणता बाई! नागपूरच्या माणसाले मारबत माहीत नाई?"

"शहरातली माहीत आहे. फांद्यांचं माहीत नव्हतं."

"मंग तुम्ही पळसाचीच काहून केली? शिवेवरच काहून केली?"

"पळस तिथं होता म्हणून. जागा तुम्ही दिली."

नानाजींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते आता थट्टा करत नव्हते. "पाहा बाई, गावानं आपलं दुखनं-खुपनं तिच्यावर ठेवलं आहे. आता ती तिथं उभी राहिली तं गावाच्या दारात उभी राहिली ना? सकाळच्या आत शिवेपार गेलं पाहिजे. माह्या एकट्याचं असतं तं मी म्हणलो असतो, राहू द्या."

"बुधवारलोक डेंगू थांबते काय?" सिंधूताई मागून म्हणाली. "का त्यालेही सुट्टी आहे?"

दोघं-तिघं हसले.

"ती माझी आई आहे," माया म्हणाली.

हसणं थांबलं. मायानं सांगितलं, तितक्याच शांतपणे, वर्गात सांगावं तसं. मिरचीचं, डोळ्याचं, बुधवारचं. आईनं आजवर एकही पाहिलं नाही, हेही.

"आधी काहून नाई सांगितलं?" नानाजी म्हणाले.

"कोणी विचारलं नाही."

"पन आईले शिवेवर कोन बसवते वं?" सिंधूताई म्हणाली. या वेळी ती भांडत नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं.

"आमची घरं शिवेवरच होती," माया म्हणाली. "तिच्या वडलांचं घर गावाच्या शेवटी, शेवटच्या घराच्याही पलीकडे. तिला ती जागा नवी नाही."

एका बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. नानाजींनी टोपी परत डोक्यावर घातली.

"जे गावानं दिलं ते गेलं पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "जे तुमचं आहे ते तुमचं. पन सगळा पळसच आहे बाई. तुमचा कोनता आन् आमचा कोनता, हे कोन सांगन?"

"मी सांगीन."

"सांगता येईन?"

"प्रत्येक डहाळी."

नानाजींनी इकडेतिकडे पाहिलं. "एकही आमची मांगं राहिली तं चालनार नाई."

"राहणार नाही."

सकाळी फटफटल्यावर गाव शिवेवर जमलं. एरवी अंधारातच सगळं उरकतात, पण आज उजेड लागणार होता. मायानं खांद्यापासून सुरुवात केली. ती फांदीच्या बुडाशी हात घालायची, चाचपायची, आणि एकतर सोडून द्यायची नाहीतर ओढून मागं द्यायची. तिच्या डहाळ्यांना बेचकं होतं, त्या एकमेकींत अडकलेल्या होत्या, ओढल्या तर येत नव्हत्या. गावाच्या फांद्या सरळ होत्या, नुसत्या खोचलेल्या.

सिंधूताईचा विश्वास नव्हता. तिनं गुडघ्याजवळच्या एका फांदीवर बोट ठेवलं. "ही?"

"तुमच्यापैकी कोणाची तरी. विळा लावलेला नाही, हातानं मोडली आहे. साल लोंबते आहे पाहा."

"अन् ही?"

"माझी. ओढा."

सिंधूताईनं ओढली. फांदी आली नाही, पळसाची बाईच जरा हलली. सिंधूताईनं घाईनं हात काढला.

"मायीच मोडलेली आहे ती, गुडघ्याची," ती हळूच म्हणाली. "आमच्या घरी विळ्याले मूठ नाई."

खांदे मोकळे झाले, केस मोकळे झाले, पाठ मोकळी झाली. मोजून एकोणनव्वद फांद्या निघाल्या. गावात तितकीच घरं आहेत, एक सोडून. ते घर नानाजींचं होतं.

गोपिका पदराचं टोक बोटाला गुंडाळत पुढे आली. "म्याडम, मी फांदी नवती ठेवली."

"माहीत आहे," माया म्हणाली.

"मी तं त्याले मांडीतच बसवलं होतं. एकापासून पाचलोक मोजलं. त्याचा खोकला तिथंच आहे, पूरा मांडीत." "मी काय करू म्याडम, मले वाटलं तुम्ही त्याच्यासाठीच केली."

नानाजी सुनेवर डाफरणार होते, पण मायानं हात वर केला. तिला त्या खोकल्याबद्दल काय वाटत होतं ते तिनं सांगितलं नाही, आणि तिथं ते कोणी विचारलंही नाही. गोपिका दोन पावलं मागं उभी होती आणि मांडीकडे पाहत नव्हती. जी गोष्ट तिच्यासाठी तिथं होती ती तिथं होतीच.

माया मांडीपुढे गुडघ्यांवर बसली. अशी गुंफण सोडवायची तर उलट्या क्रमानं सोडवावी लागते, शेवटची आधी. तिनं काल दुपारी अडकवलेली शेवटची डहाळी शोधली आणि आकडा सोडवला. मग तिच्या आधीची.

"हात राहू द्या ना बाई," नानाजी म्हणाले. "पोरगं मांडीत बसलं होतं, हातावर नाई."

"हात मांडीत अडकवलेले आहेत. मांडी निघाली की हात राहत नाहीत."

दहा मिनिटांत दोन्ही हात आणि मांडी जमिनीवर आली. त्रेचाळीस डहाळ्या, अजून हिरव्या. पोरांनी त्या उचलल्या आणि शिवेपलीकडच्या नाल्याच्या काठी ढिगावर टाकल्या. खाली भाताचं तणस होतंच. ओला पळस लवकर पेटत नाही, आधी पांढरा धूर सोडतो. धूर निघाला तसा आरडाओरडा सुरू झाला.

"खोकला घेऊन जा गे मारबत!"

"मच्छर घेऊन जा गे मारबत!"

"बोंडअळी घेऊन जा गे मारबत!"

"गणिताच्या सरांले घेऊन जा गे मारबत!" हे पोरांतून कोणीतरी ओरडलं, आणि सरही तिथंच होते, असं नंतर कळलं.

माया धुराच्या उलट्या बाजूला उभी राहून पाहत होती. मारबत जाळल्यावर मागं वळून पाहायचं नसतं, म्हणून लोक परत जाताना सरळ तिच्याकडे बघत चालले होते, आणि तिच्या मागं ती हात नसलेली बाई बसलेली होती. नानाजी जवळून जाताना म्हणाले, "बुधवारलोक कोनी हात लावनार नाई. मी पाहतो." मग थोडं पुढे जाऊन म्हणाले, "गुरुवारी वखर घालतो."

शनिवारी आणि सोमवारी पाऊस आला. पानं ओली होऊन परत वाळली आणि आणखी गडद झाली. मधले दिवस माया घरीच होती. मांडी पुन्हा करायला दोन दिवस पुरले असते. ती गेली नाही.

बुधवारी अकराच्या सुमारास रवींद्रनं गाडी कालव्याच्या रस्त्यावर लावली. बायजाबाईच्या डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा होता. तिनं लेकाचा हात धरला, दुसऱ्या हातानं लुगडं वर धरलं आणि मुरमातून चालू लागली. रस्त्याकडून आलं की आधी पाठ दिसायची. वीस पावलांवर ती थांबली.

"ही मी काय?"

"हो," माया म्हणाली.

बायजाबाईनं चष्मा काढला. तिनं बराच वेळ पाहिलं. तांब्याच्या रंगाची ती पाठ मानेपासून निघून एका मोठ्या बाकात खाली गेली होती.

"मी अशी वाकली आहे?"

ती लेकाकडे वळली.

"रवींद्र, सांग ना गा. अशी आहे मायी पाठ?"

"अशीच आहे आई."

"कधीपासून?"

रवींद्रनं मायाकडे पाहिलं.

"कोनी सांगितलं नाई मले," बायजाबाई म्हणाली. तक्रार नव्हती. एखादी बातमी उशिरा कळावी तसं ती बोलली.

मग ती फिरून समोर आली. तिथं मान खाली घातलेला चेहरा होता, आणि त्याच्या खाली गुडघ्यांच्या मधोमध रिकामी जागा. मायानं सगळं फोनवर सांगितलेलं होतं, तरी बायजाबाईनं ती जागा वाकून पाहिली.

"मिरच्या नाई, हात नाई. मंग मी वाकून काय करून राहिली?"

"बसली आहेस," माया म्हणाली.

"बसलेली बाई इतकी वाकत नाई." बायजाबाईनं चेहऱ्याकडे बोट केलं. "अन् हे चुकलं तुयं. मान एवढी खाली नसते. मिरची खुडतानी तोंड खाली घातलं तं डोळे फुटतीन. पाठ वाकते, पन तोंड असं बाजूले ठेवा लागते, अशी." तिनं स्वतः ते करून दाखवलं. पाठ तशीच वाकलेली आणि मान डावीकडे वळवून थोडी वर, जणू शेजारणीशी बोलते आहे. "सगळ्या जनी अशाच बसत होतो. त्याच्याच्यानं तं दिवसभर गप्पा होत. तुले वाटलं काय, मी मिरचीकडे पाहत होती?"

माया आईकडे पाहत राहिली. पन्नास वर्षांत तिनं आईला दारातून, मागून, शाळेतून येताना पाहिलं होतं. समोर जाऊन बसायला तिखटाच्या वासानं कधी जमलं नव्हतं. बारा दिवस ती ज्या वळणाशी झटली होती ते मुळात तिथं नव्हतंच.

"हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"तुले कसं माहीत राहीन?" बायजाबाई म्हणाली. "तू तं पाठीकडूनच येत होती." मग तिनं पळसाच्या बाईच्या खांद्याचं एक पान दोन बोटांत धरून पाहिलं, सोडलं. "पाठ मात्र बरोबर केली. पाठीले काही म्हनत नाई मी."

ढग दाटून येत होते. रवींद्र म्हणाला, "आई, चष्मा लाव. निघायचं का? पाणी येईल, डोळ्यात जायला नको."

बायजाबाईनं तळहातानं डावा डोळा झाकला आणि नव्या डोळ्यानं पाहिलं. मग उजवा झाकला, जुन्या डोळ्यानं पाहिलं. परत डावा झाकला. तशीच, एक हात डोळ्यावर ठेवून, ती पळसाच्या बाईच्या उजव्या बाजूनं पुन्हा मागच्या अंगाला चालू लागली.

"आई, चल ना."

"थांब ना गा," बायजाबाई म्हणाली, "पाहून राहिली ना मी."